ड्यूक आत येऊ द्यायचा

आम्ही जुने जिनवाले चौघं बसलो की ड्यूकचा विषय निघतोच. माणसांच्या गोष्टी विसरत चाललो, या कुत्र्याच्या मात्र दरवर्षी वाढतात!

महायुद्धाच्या आधी मी शेलूबाजारला कापसातली सरकी काढणाऱ्या एका जिनात कारकून होतो. विलायतेला परतणाऱ्या एका साहेबाकडून शेठजींनी हा मास्टिफ जातीचा कुत्रा आणला. वासराएवढं धूड. त्याच दिवशी त्यांनी आमच्या म्हाताऱ्या चौकीदाराला, रहेमानचाचांना सांगितलं, "हंगाम सरला का तुयी सुट्टी. गेट आता कुत्रा पाहीन." चाचांच्या घरात दुसरं कमावणारं कुणी नव्हतं. आम्हाला फार वाईट वाटलं. आणि तोवर कुत्र्याला सांभाळायचं कुणी, तर चाचांनीच!

*

साहेबाने सोबत कागद दिला होता: रोज मांस, रोज ब्रश, हुकूम एकाच माणसाचा. शेठजी पक्के शाकाहारी. "जिनात मटन येनार नाही," म्हणाले. ताक-भाकर पाहून ड्यूकने तोंड फिरवलं. मग चाचा त्याला गेटसमोरच्या निंबाखाली नेऊन आपल्या डब्यातलं चारायचे. "निंब काही जिनात नाही," असं त्यांचं म्हणणं.

*

उन्हं तापली की ड्यूक धापा टाकायचा आणि लाळ गळायची. एकदा त्याने मॅनेजरच्या मांडीवर डोकं ठेवलं. ते हलेना, आणि मॅनेजरची हलवायची छाती होईना. धोतर पिळायची वेळ आली. चाचांनी ओलं पोतं अंथरलं तेव्हा कुठे स्वारी उठली.

*

तो भुंकत नसे. येणाऱ्याला खुशाल आत येऊ द्यायचा, पण जाऊ लागला की गेटात आडवा! शेठजींचा साळा नुसता गप्पा मारायला आला आणि अडकला. चाचा जुम्म्याच्या नमाजला गेलेले. ते परत येऊन "जाऊ दे, बेटा" म्हणेपर्यंत साळेबुवा वजनकाट्यावर बसून होते.

शेठजी चाचांवरच उखडले. "बिगर कामाच्या मानसाले आत घेऊ नोको. मंग तो आपला असो का परका!"

*

हंगाम सरला. शेठजींनी चाचांना बोलावून रजा दिली. चाचांनी सलाम केला, ड्यूकच्या कानामागे खाजवलं, "गेट नीट पाय, बेटा" म्हणाले आणि आपल्या गावची, आसेगावची बैलगाडी मिळेल म्हणून समोरच्या निंबाखाली जाऊन बसले.

शेठजी घरी निघाले. ड्यूक गेटात आडवा झाला. शेठजींनी साहेबाच्या कागदावरचे इंग्रजी हुकूम वाचून पाहिले, लाडू टाकून पाहिला. ड्यूकने लाडू खाल्ला आणि पुन्हा आडवा झाला. मागे मॅनेजर, मी आणि उपाशी हमाल उभे.

शेवटी शेठजींनी आतूनच हाक मारली, "रहेमान, जरा आत ये."

चाचा गेटपर्यंत आले आणि बाहेरच थांबले.

"कसा येऊ, शेठजी? बिगर कामाच्या मानसाले आत घेऊ नोको, असा तुमचाच हुकूम हाये."