सरांनी सांगितलं म्हणून

"ए, ही काय मेंढरं आहेत का? मग घरी मारतेस तशी हाक मार की. मुलांनाही ऐकू दे."

आमच्या कॉलेजचे सर लिंबाच्या सावलीत खुर्ची टाकून बसले होते. मांडीवर गुणांचा तक्ता. मी शारीरिक शिक्षणाची पदवी करतेय, आणि हा माझा पहिला सराव पाठ होता. छत्रपती संभाजीनगरातली टायवाली शाळा, आठवीचा वर्ग. गळ्यात शिट्टी, पायात शहागंजच्या बाजारातून आणलेले पांढरे बूट. चुकलं एवढंच, की 'सावधान'च्या आधी तोंडातून निघून गेलं, "पोरांनो, नीट उभं ऱ्हावा."

आणि मी हाक मारली. खरंच मारली. आमच्या पिशोरच्या माळावर माझे वडील, अप्पा, मेंढरं वळवायला मारतात ती, जशीच्या तशी. कुणी हात पिरगाळला नव्हता. पण कॉलेजात पहिल्या दिवसापासून एकच घोकून घेतलं होतं. हुकूम आला की विचार करायचा नाही. पोरं पोट धरून हसली. सर हसले. त्यांच्याबरोबर मीसुद्धा हसले. त्याची लाज अजून जात नाही.

संध्याकाळी अप्पांचा फोन आला.

"कसा झाला गं बाई पाठ?"

"चांगला झाला."

"आवाज पोटातून काढला का?"

"व्हय अप्पा."

"मग! लेक कुणाची हाय!"

फोन ठेवला आणि हॉस्टेलच्या बाथरूममध्ये नळ सोडून रडले.

पुढच्या महिन्यात कॉलेजात एक संशोधक बाई आल्या. होणाऱ्या क्रीडाशिक्षकांची स्वयंशिस्त आणि आयुष्यातलं समाधान, हा त्यांचा विषय. त्यांनी प्रश्नावली वाटली. 'मी स्वतःवर ताबा ठेवू शकते.' पूर्ण सहमत. 'मी माझ्या आयुष्यावर समाधानी आहे.' सर पाठीशीच उभे होते. पूर्ण सहमत.

"ही आमची सगळ्यात शिस्तीची मुलगी," सर बाईंना म्हणाले. "हिची एक गंमत ऐका. ए, मार गं ती हाक."

वर्ग आधीच खिदळायला लागला. हाक माझ्या घशाशी आली होती. हो, आली होती. हुकूम पाळायची सवय लई वाईट. मी ओठ घट्ट मिटले. मग बोलले.

"नाही मारणार."

"काय?"

"ते माझ्या बापाचं काम आहे, सर. तुमची करमणूक नाही."

प्रश्नावली पुढं ओढली आणि समाधानाच्या खुणेवर काट मारली. इतक्या जोरात की कागद फाटला. बाईंनी मान खाली घालून तो तसाच गोळा केला.

त्या दिवशी अप्पांना सगळं खरं सांगितलं. वाटलं होतं, शाबासकी देतील. त्यांनी एवढंच विचारलं, "पहिल्या वक्ताला मारली व्हतीस तू?"

"व्हय."

त्यांनी फोन ठेवला.

सुट्टीत घरी गेले. सकाळी अप्पा मेंढरं घेऊन निघाले, पण माझ्यासमोर त्यांच्या तोंडून हाक निघेना. मुकाट काठीनं वळवत गेले. माझं काळीज तुटलं. हे सरांनी केलं, आणि मी करू दिलं.

अंतर्गत गुण सरांच्या हातात आहेत. कापतील. नापास झाले तर पुन्हा बसेन, तिसऱ्यांदा बसेन, पण शिक्षिका होणारच. आणि माझ्या मैदानावर एखादं लेकरू "नाही करणार" म्हणालं, तर त्याला रांगेबाहेर काढणार नाही. आधी माझा हुकूम तपासेन.