धारूरच्या वाटेवर थांबलेला ट्रॅक्टर

यंदाची दिवाळी पाहुण्यांचं करण्यातच गेली. तेव्हाच जाहीर केलं, शाळा सुरू झाल्या की एक दिवस माझा, धारूरच्या किल्ल्यावर. नवऱ्याने लेकीची जबाबदारी घेतली, मी गाडीची चावी.

सोलापूरहून भल्या पहाटे निघाले. चौसाळ्यापर्यंत हायवे मस्त. तिथे चहा आणि गरम भजी घेऊनच पुढे जा. केजमार्गे धारूरकडे वळलं की खड्डे कंबरेची परीक्षा घेतात, पण बालाघाटाचे डोंगर दिसले की सगळं माफ! रस्त्याकडेला सीताफळं मिळतात, पिशवीभर घ्याच.

किल्ल्याच्या अलीकडे एका गावात रस्ता अडला. ऊसतोडीला निघालेल्या टोळीचा ट्रॅक्टर आडवा उभा होता. ट्रॉलीत चूल, घागरी, पिठाचे डबे, दोन शेळ्या आणि वर माणसं. फक्त सातवीतली राणी सापडत नव्हती. तिची आई कुसुमताई तान्ह्याला कडेवर घेऊन खाली उभ्या होत्या. आई-बापाने ऊस तोडायचा आणि राणीने फडात बाळ सांभाळायचं, असं ठरलेलं. परत यायला उन्हाळा उजाडतो, तोवर वर्ष बुडालेलं असतं. इथल्या पोरींना शाळेतून कुणी काढत नाही, नुसतं बाळ त्यांच्या कडेवर येतं.

"शाळंतच आसंल. जा, घिऊन ये," तिचा बाप वैतागला. "लई उशीर झालाय."

मीही कुसुमताईंबरोबर चालू लागले.

"मला बी हिच्याच वयात नेलतं," त्या म्हणाल्या. "धाकटा भाऊ सांभाळाया."

"मग हिला ठेवा ना इथे," मी शहाणपणा केला.

"नणंद म्हंती, ठिव माझ्यापाशी. पन बाळाला कोन बघंल, ताई? तुमी?"

एवढ्यात शाळा आली.

खिडकीतून राणी दिसली. फळ्यापाशी पाठमोरी उभी राहून गणित सोडवत होती. कुसुमताईंनी हाक मारायला तोंड उघडलं आणि तशाच थांबल्या. गणित सुटलं, बाई "शाब्बास" म्हणाल्या. राणी वळली, तिला आई दिसली. चेहरा पडला. मुकाट्याने दप्तर आवरू लागली.

"बस, बस," कुसुमताई खिडकीतूनच म्हणाल्या. "आत्याकडं ऱ्हा."

ट्रॅक्टरपाशी परतल्यावर त्यांच्या नवऱ्याने विचारलं, "पोरगी कुटंय? बाळाला कोन बघंल?"

"मीच. फडाच्या कडंला झोळी बांधीन."

"तेवढं काम व्हायाचं न्हाई मग."

"कमी व्हईल."

तो जरा वेळ शाळेकडे बघत राहिला. मग ट्रॉलीतून खाली वाकला. "आन त्याला इकडं," म्हणत बाळ वर घेतलं.

किल्ला सुंदर आहे. ऊन चढायच्या आत पोहोचा, पाणी सोबत ठेवा. गावात पिठलं-भाकरी झकास मिळते. मी मात्र बुरुजावर बसून त्या झोळीचाच विचार करत होते.

दुसऱ्या दिवशी लेकीला शाळेत सोडलं. एरवी मी गेटवरूनच पळते. त्या दिवशी तिच्या वर्गाच्या खिडकीशी जाऊन उभी राहिले. मला बघून ती घाबरली.

"काय झालं, आई? घरी जायचंय?"

"नाही गं," म्हटलं. "बस तू."