बालाजीसमोर सुटलेला उपवास

मी काळी आहे. सावळी नाही, गव्हाळ नाही, काळी. हे वाक्य आज मी हसत लिहिते आहे. दोन वर्षांपूर्वीपर्यंत हा शब्द कुणी माझ्यासमोर नुसता उच्चारला तरी मी खाली मान घालून तिथून निघून जायचे. पुढे जे घडलं ते मी आजवर तोंडी कितीजणींना सांगितलं असेल, पण कागदावर पहिल्यांदाच उतरवते आहे. काही राहून गेलं तर सांभाळून घ्या.

जानेफळजवळच्या एका लहान गावात आमचं घर आहे. भाजीपाल्याची शेती. वांगी, मेथी, सांभार म्हणजे कोथिंबीर, उन्हाळ्यात काकडी. लग्न झालं तेव्हा सासरच्या बायका मला ऐकू येईल इतक्या हळू आवाजात बोलायच्या. ते मी पचवलं होतं. पण माझी लेक कल्याणी जन्मली, तिला दुपट्यात गुंडाळून माझ्याजवळ दिलं आणि उशाशी उभ्या असलेल्या एका बाईने म्हटलं, "मायवरच गेली वो." बस, तेवढंच. बाळाचं वजन किती, ती रडली कशी, काही नाही. त्या दिवशी माझ्या मनात एक चोर शिरला. वाटू लागलं, मी लेकीला जन्म दिला आणि सोबत एक शिक्षाही दिली.

डाळीचं पीठ झालं, दुधाची साय झाली, कुणी सांगितलेली पानंही वाटून झाली. पोरगी तोंड वाकडं करी, मी चोळत राही. काही होईना तेव्हा मी देवाकडे वळले. वळले म्हणजे काय, सौदाच मांडला. माझं अन्न घे आणि पोरीला रंग दे. आधी सोमवार धरला, मग गुरुवार, मग शनिवार, दोन्ही एकादशी होत्याच. उरलेल्या दिवशी सगळ्यांची ताटं झाली की पातेल्यात जे राहील ते खायचं. घरात वाटायचं, सून मोठी देवभोळी आहे. सासूबाई चारचौघींत कौतुक करायच्या. खरं कारण मी कुणालाच सांगितलं नव्हतं, कल्याणीच्या बाबांनाही नाही.

शरीर आपल्या परीने सांगत होतं. विहिरीवरून घरी येईपर्यंत दोनदा टेकावं लागे. छातीत धडधड, केस मूठमूठ गळायचे, नखं पांढरी पडून मधोमध खोलगट झालेली. आणि एक लाजिरवाणी गोष्ट, मला कल्याणीच्या पाटीवरच्या पेन्सिली खाव्याशा वाटत. चोरून खायचेही. पोरगी दप्तरात शोधत बसे आणि मी उलट तिच्यावरच खेकसत असे, हरवल्यास म्हणून. अंगात त्राण नसलं की माया आटते, हे तेव्हा कळत नव्हतं. मला वाटे, मी तिच्यासाठी केवढं करते आहे!

कल्याणी दहा वर्षांची झाली त्या वर्षी नात्यात एक लग्न होतं. फोटो काढताना कुणीतरी तिला म्हणालं, "तू मांगं उभी राह्य." ती मुकाट मागे गेली. घरी आल्यावर बराच वेळ न्हाणीतून बाहेर येईना म्हणून मी दार ढकललं, तर टाच घासायच्या वजरीने ती गाल घासत होती. दोन्ही गाल सोलून रक्त आलं होतं. मी वजरी हिसकावली, तिचं तोंड धुतलं. ती रडतही नव्हती. तिने मला शांतपणे विचारलं, "आई, खाली गोरं हाये का वं?"

मी उठले आणि देवासमोर आणखी एक नवस बोलले. नऊ शनिवार निर्जळ, पाण्याचा थेंबसुद्धा नाही, आणि नववा शनिवार मेहकरच्या बालाजीच्या पायाशी सोडायचा.

नवव्या शनिवारी सकाळी कल्याणीला घेऊन मी जानेफळहून एसटीत बसले. मेहकरला उतरल्यावर मंदिरापर्यंत कशी चालत गेले ते आज आठवत नाही, फक्त पोरीने माझं बोट नाही, मनगट धरलं होतं हे आठवतं. जणू मोठी तीच होती. गाभाऱ्यासमोर उभी राहिले. बालाजीची ती उंच, घोटीव, तेजाळ मूर्ती मी लहानपणापासून पाहत आले होते. मी डोळे गच्च मिटले, हात जोडले आणि मनात म्हणाले, आता तरी ऐक. त्यानंतरचं आठवतं ते एकदम पाठीला लागलेला थंडगार दगड.

डोळे उघडले तेव्हा माझं डोकं एका अनोळखी बाईच्या मांडीवर होतं. साठीच्या पुढची असावी. माझ्याहून काळी, आणि अंगावर असं झगझगीत पिवळं लुगडं की डोळे दिपावे! असा रंग अंगाला लावायची माझी कधी हिंमत झाली नव्हती. तिने अंगठ्याने माझी पापणी खाली ओढून पाहिली, मग नखं पाहिली, आणि म्हणाली, "तुह्या अंगात रगत कुठी हाये माय? काय खाते तू?"

ती धामणगाव बढे गावची होती, नोकरीतून निवृत्त झालेली नर्सबाई. मेहकरला भाचीकडे आली होती. परतीची गाडी तिच्या डोळ्यांसमोरून निघून गेली, पुढच्या गाडीला दोन तास होते, म्हणून देवळात आली होती. हे तिने मला नंतर सांगितलं. त्या वेळी तिने फक्त पिशवीतून डबा काढला आणि गूळ-शेंगदाण्याचा लाडू माझ्या तोंडाशी धरला.

"मावशी, निर्जळ हाये माहं. शेवटचा शनवार हाये," मी म्हणाले.

"कायच्यासाठी?"

मी पदर तोंडावर ओढला. बाजूला आठ-दहा माणसं जमलेली. तेव्हा कल्याणी बोलली, "माह्यासाठी. मी गोरी व्हावं म्हनून आई उपाशी राह्यते."

मला वाटलं धरणीने पोटात घ्यावं. पोरीला माहीत होतं! देवघरात मी पुटपुटायचे ते ती रोज ऐकत आली होती. इतकी वर्षं माझा एकेक उपवास तिला तिच्या रंगाची आठवण देत होता, आणि मी समजत होते की मी तिला वाचवते आहे.

मावशीने माझी हनुवटी धरून तोंड गाभाऱ्याकडे वळवलं. "अवो माय, कोनापाशी मांगून राह्यली तू हे? डोये उघडून पाह्य तरी त्याच्याकडं!"

मी पाहिलं. काळाभोर बालाजी. इतकी वर्षं येत होते, डोळे मिटून मागत होते आणि परत जात होते. ज्याच्याकडे मी काळेपण काढून घे म्हणत होते तो स्वतः काळ्या पाषाणात, फुलांनी लगडून, सगळ्यांचे नमस्कार घेत उभा होता. कुणीतरी हसलं. मग मावशी हसली, आणि खरं सांगते, मलाही हसू फुटलं. पडल्यापडल्या, डोळ्यांतून पाणी वाहत असताना मी खदखदून हसले.

तेवढ्यात कल्याणी माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "आई, खाय ना. तू डोये मिटले होते ना, तवाच मी देवाले सांगतलं होतं, माह्या आईले कोनी तरी जेवू घाल म्हनून."

मावशीचा लाडू धरलेला हात तसाच पुढे होता. मी तोंड उघडलं. त्या लाडवाची चव मी कशी सांगू! शेंगदाणा भाजलेला होता, गूळ दाताला चिकटत होता, आणि माझ्या अंगभर काहीतरी ऊब पसरत गेली. कल्याणीने पाण्याचा गडू तोंडाला लावला आणि मी तो एका दमात संपवला. देवासमोर नवस मोडला आणि मला भीती वाटली नाही, उलट कुणीतरी खांद्यावरचं पोतं उतरवून घ्यावं तसं वाटलं.

मावशीने स्वतः रिक्षात घालून मला दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी रक्ताचा आकडा सांगितला, तो मला कळला नाही, पण त्यांचा चेहरा कळला. अजून थोडे दिवस असेच गेले असते तर हृदयाने दगा दिला असता, असं ते म्हणाले. मला दोन पिशव्या रक्त चढवलं. कुणाचं होतं कोण जाणे! मी त्या थेंबांकडे पाहत पडून होते, आणि कल्याणीचे बाबा येईपर्यंत मावशी उशाशी बसून होती. तिची दुसरी गाडीही गेली. मी तिला वजरीची गोष्ट सांगितली. तिने रागावून घेतलं. "तू आरशात पाहून तोंड वाकडं करशीन, त पोरगी वजरीच घेईन हाती. आधी सोताले जेवू घाल. लेकरू पाहून राह्यलं तुह्याकडं."

घरी आल्यावर मी सगळ्यांबरोबर पंगतीत जेवायला बसले. सासूबाई म्हणाल्या, "देवाचं सोडलं काय मंग?" मी म्हणाले, "देवानंच सोडाले लावलं, आत्याबाई." दुसऱ्या दिवशी त्यांनी माझ्यासाठी मेथीची भाजी वेगळी काढून ठेवली. आमच्याच वावरातली मेथी! वर्षानुवर्षं जुड्या बांधून बाजारात पाठवली, स्वतःच्या ताटात कधी घेतली नव्हती. गोळ्या नेमाने घेतल्या. संध्याकाळी अर्धा तास शेताच्या बांधावरून, धुऱ्याधुऱ्याने, एकटीच चालायला लागले. आधी बायका हसल्या, आता आम्ही सातजणी चालतो आणि वाटेत इतक्या गप्पा मारतो की पाखरं उडतात. अंगात रक्त आलं तशी जिभेवर माया आली. एके दिवशी कल्याणीची वेणी घालताना मी तिला पेन्सिलींचं खरं सांगून टाकलं. ती इतकी हसली की अर्धी वेणी सुटून गेली.

गेल्या दिवाळीनंतर आम्ही मायलेकी धामणगाव बढ्याला गेलो, मावशीला शोधत. सोबत वांगी आणि सांभाराची भली मोठी पिशवी. घर लगेच सापडलं, तिथे तिला कोण ओळखत नाही! मी पाया पडले, तुमच्या रूपाने देव आला म्हणाले. तर ती चिडलीच. मग पदराने डोळे पुसत म्हणाली, "तुले सांगतलं नोतं मी. नोकरी सुटल्यापासून कोनाले माहं कामच राह्यलं नोतं. त्या दिवशी मी देवाशी भांडाले गेलती. म्हटलं, मले एखादं काम तरी दे, नाईतर घेऊन जाय. मांगं फिरली त तू पडेल होती."

मी तिच्या दारातच खाली बसले. त्या शनिवारी एकाच वेळी, एकाच देवासमोर आम्ही तिघी काही ना काही मागत होतो. कल्याणीला आईच्या पोटात घास हवा होता, मावशीला हाताला काम हवं होतं. दोघींचं त्याने तिथल्या तिथे ऐकलं. माझं मात्र ऐकलं नाही, आणि त्याचे हे उपकार मी जन्मभर विसरणार नाही.