कठड्याबाहेरची शिवण

वडिलांच्या दुकानात तिला स्वतःचं स्टूल मिळालं तेव्हा तिचे पाय जमिनीला टेकत नव्हते. दुकान म्हणजे घराचीच रस्त्याकडची खोली. एक शिवणयंत्र, कापड बेतायचं लांबट टेबल, भिंतीवर आरसा आणि कोपऱ्यात गिऱ्हाइकाला कपडे बदलायला लावलेला पडदा. वडिलांना सगळा रस्ता मास्तर म्हणायचा. मुलगा नव्हता म्हणून असेल किंवा मुलीचा हात खरोखर चांगला होता म्हणून असेल, त्यांनी लेकीच्या हातात कातर दिली आणि ती झाली छोटी मास्तर. पुढे लग्न झालं, मुलगी झाली, केस पिकले, तरी ते ‘छोटी’ काही गळून पडलं नाही.

मास्तरांची गिऱ्हाइकं पुष्कळ होती, पण मानाचं गिऱ्हाईक एकच. रस्त्याच्या टोकाला देवीचं देऊळ होतं आणि देवीचा वर्षाचा नवा पोशाख मास्तर शिवायचे. माप दरवर्षी नव्याने घ्यायची रीत होती. त्यासाठी निघाले की लेकीला बोट धरून न्यायचे. गाभाऱ्याच्या अलीकडे लाकडी कठडा होता, तिथे मात्र बोट सोडायचे.

"तू इथे थांब."

त्या देवळात बाईने कठडा ओलांडायचा नाही, असा नियम होता. आंघोळ करून आलेला कोणीही पुरुष आत जाऊ शकत होता. बाई मात्र म्हातारी असो, पोर असो, बाहेर. पोरीला तेव्हा त्याचं काही वाटलं नाही. मोठी झाल्यावर करायच्या बऱ्याच गोष्टी होत्या, त्यांतलीच ही एक असेल अशी तिची समजूत होती. ती कठड्याला हनुवटी टेकून उभी राहायची आणि आतल्या अंधारात दिव्याच्या उजेडात वडिलांची पाठ हलताना बघायची. देवी त्या पाठीआड असायची.

मास्तर गेले तेव्हा देवीचा पोशाख अर्धा बेतलेला टेबलावर होता. तो हिने पुरा केला. पुजारीबुवा म्हातारे होते, मायाळू होते. त्यांनी पोशाख हातात घेऊन उलटसुलट केला आणि म्हणाले, "हात बापाचाच आहे हो. पोरी, काम तुझ्याकडेच राहील. शिवायला बाई चालेल. माप घ्यायला मात्र चालणार नाही, तेवढं तू बघ."

तेवढं बघायला तिचा नवरा पुढे झाला. तो बसमध्ये कंडक्टर होता. लग्नानंतर सासऱ्याच्याच घरी राहायला आला म्हणून मित्र त्याला घरजावई म्हणून चिडवत आणि तो उलट म्हणे, "अरे, फुकट प्रवास करणारा मी एकटाच कंडक्टर असेन!"

"मी आणतो माप," तो म्हणाला. "दिवसभर माणसं कोंबतो गाडीत. एका मूर्तीचं माप ते काय!"

टेपवरचे आकडे त्याच्या लक्षात राहीनात. कंबरेचा आकडा खांद्याला सांगायचा आणि खांद्याचा दंडाला. शेवटी तिने शिंप्यांचा जुना उपाय काढला. प्रत्येक मापाला एक वेगळ्या रंगाचा दोरा. मूर्तीला लावायचा, जिथे टोक येईल तिथे गाठ मारायची, बस. सराव करायला ती स्वतःच आरशासमोर उभी राहिली.

"अहो, असा काय धरताय दोरा, लांबून? अंगाला लागू दे."

"लागला की तू हसतेस."

"देवी हसणार नाही."

"म्हणून तर भीती वाटते!"

त्या वर्षीचा पोशाख चांगला झाला. नेसवण्याच्या दिवशी ती कठड्याशी उभी राहिली. लांबून देवी झळाळत होती, काठ सरळ बसला होता. शेजारच्या बाईने दंडाला धरून विचारलं, "हे तू शिवलंस?" तेव्हा तिने नुसती मान हलवली. मग दरवर्षी हेच. नवरा आंघोळ करून दोरे घेऊन आत जायचा, गाठी मारून आणायचा. ती शिवायची, पुजारीबुवा नेसवायचे, आणि ती कठड्यापासून बघायची. गिऱ्हाइकं पत्ता सांगताना ‘देवीचे कपडे शिवतात त्या बाई’ असं सांगू लागली. तिच्या अंगावरचे कपडे साधे असत, कधी खांद्यावर उसवलेलेही. मुलगी चिडायची, "आई, आधी स्वतःचं शिव की." ती म्हणायची, "मला कोण बघतंय?"

एक गोष्ट मात्र तिच्या नजरेतून सुटली नव्हती. माप वाढत होतं. एका वर्षी कंबर जराशी, पुढच्या वर्षी खांदाही. तिने नवऱ्याला विचारलं.

"खात्यापित्या घरची आहे ती," तो म्हणाला. "तुझ्यामाझ्यासारखी थोडीच!"

तिने पुजारीबुवांनाही विचारलं. ते म्हणाले, मूर्तीला रोज तेल लागतं, चंदन लागतं, थरावर थर चढतो, वाढत असेल. तिला ते पटलं. दगड वाढत नाही हे तिला कळत होतं, पण लेप वाढू शकतो. ती गाठ बघून कापड बेतत राहिली. शिवाय वडिलांची शिकवण होती की मापापेक्षा दोन बोटं सैल ठेवावं. ती दोन बोटं दरवर्षी न चुकता ठेवत राहिली.

मग नवरा आजारी पडला. अर्ध्या अंगावरून वारं गेलं. बोलणं हळूहळू परत आलं, उजवा हात आला नाही. माप घ्यायची वेळ जवळ येत होती आणि दोरे तसेच पडून होते. अशात पुजारीबुवांचा मुलगा दुकानात आला. म्हाताऱ्याने आता सगळं त्याच्याकडे सोपवलं होतं. बिचारा भल्या मनाने आला होता, कंडक्टरकाकांची चौकशी करायला.

"काकू, यंदा मापाची काळजी नको," तो म्हणाला. "मागच्या मापानेच शिवा. फक्त जरा आवळून घ्या म्हणजे झालं."

"आवळून म्हणजे?"

"म्हणजे मागून फार कापड उरतं ना. बाबांच्या वेळेपासून टाचण्या मारतोय आम्ही. पुढून काही कळत नाही म्हणा." आणि त्याने दोन्ही हातांत हवा पकडून किती कापड उरतं ते दाखवलं.

तिने त्याच्या दोन हातांमधलं अंतर बघितलं. त्यात आणखी एक मूर्ती मावली असती.

"मला कधी कोणी सांगितलं नाही."

"बाबा म्हणायचे, बाई मनापासून शिवते, कशाला तिचं मन मोडायचं."

तो गेल्यावर ती आतल्या खोलीत आली. नवरा खिडकीशी खाटेवर होता. ती त्याच्या पायाशी बसली.

"अहो, खरं सांगा. माप कसं घ्यायचात?"

त्याने नजर खिडकीबाहेर वळवली.

"वरून," तो म्हणाला.

"कशावरून?"

"होता त्या पोशाखावरून. बुवा म्हणायचे, उतरवतो. मी म्हणायचो, राहू द्या." शब्द त्याला ओढून आणावे लागत होते. "मी परका पुरुष. तिच्या अंगावरचं उतरवायचं, आणि मी दोरा लावायचा? मला नाही जमलं गं. मी डोळे मिटून घ्यायचो. बाईमाणसाचं काम होतं ते."

सगळं एका क्षणात तिच्या ध्यानात आलं. मागच्या वर्षीचा सैल पोशाख, मागे टाचलेल्या कापडासकट त्यावरून घेतलेलं माप, त्यावर तिची दोन बोटं, मग पुढचं वर्ष. ती माप मूर्तीचं समजत होती आणि दर वेळी स्वतःच्याच शिवणीचं माप घरी येत होतं. रागावावं तर कोणावर? ज्याने इतकी लाज राखली त्याच्यावर? तिने उठून त्याची उशी नीट केली.

"मला सांगायचंत तरी."

"तू कठड्याशी उभी राहून इतकी खूश दिसायचीस," तो म्हणाला.

तिला एकच पाहिजे होतं. एकदा आत जायचं, स्वतःच्या हाताने माप घ्यायचं आणि एक तरी पोशाख अंगाबरोबर शिवायचा. ती देवळाच्या चिटणिसांकडे गेली. चिटणीस सभ्य गृहस्थ होते. त्यांनी खुर्ची दिली, पाणी दिलं, सगळं ऐकून घेतलं.

"बाई, नियम माझ्या हातात नाही."

"मग कोणाच्या हातात आहे?"

"तो चालत आलेला आहे."

"चालत आलाय तर थोडा थांबू दे की. मला किती वेळ लागणार? दार लावून घ्या. कोणाला कळायचंही नाही."

"देवीला कळेल ना!" ते हसून म्हणाले.

"तिला तर कळतंच आहे. इतकी वर्षं टाचण्या तिच्याच पाठीला लागताहेत."

चिटणिसांचं हसू थांबलं. ते खाली बघत म्हणाले, "विश्वस्तांच्या बैठकीत विषय ठेवतो."

विषय ठेवला गेला. पोशाख बसत नाही ही तक्रार बैठकीत सगळ्यांना पटली. कोणी म्हणालं, बरं झालं बाईंनी स्वतःच कबूल केलं. मग ठरलं ते असं, की मोठ्या शहरात देवांचे पोशाख शिवणारं दुकान आहे, त्यांना काम द्यावं. त्यांची माणसं येऊन माप घेतील. दोन तरुण आले, टेप घेऊन आत गेले आणि चहा पिऊन परतले. छोट्या मास्तरला हे पुजाऱ्याच्या मुलाने सांगितलं. तो सांगताना सारखा दुकानाच्या पायरीवरून चप्पल घासत होता.

"मी आत येऊ द्या म्हणाले होते," ती म्हणाली. "काम काढून घ्या असं कुठे म्हणाले?"

"मला माहीत आहे, काकू."

मुलगी म्हणाली, जाऊ नकोस बघायला. उगाच जिवाला त्रास. पण नव्या पोशाखाच्या दिवशी तिने मुलीला वडिलांजवळ बसवलं, दुकानाचं दार ओढून घेतलं आणि गेली. बायकांच्या रांगेतून कठड्याशी पोचली. मागून कोणीतरी म्हणालं, "अहो, पुढे सरका ना, आम्हालाही बघू द्या." ती सरकली नाही.

देवी किती लहान होती! खांदे अरुंद, कंबर मुठीत मावेल एवढी. नुकतीच मोठी होऊ लागलेली पोर जशी अंग चोरून उभी राहते, तशी ती उभी होती. माप वाढत गेलं तशी छोट्या मास्तरने मनात एक भरदार, वयस्क बाई धरली होती, आणि तिच्यासाठी रुंद काठ, भारी अस्तर, घोळदार चुण्या घालत आली होती. त्या सगळ्या कापडाखाली ही पोर दडलेली होती. हिला हलकं कापड हवं होतं, बारीक काठ हवा होता. हात आपोआप पुढे गेला आणि कठड्याच्या लाकडावर थांबला. कोणीतरी पुन्हा खांद्याला ढकललं, तशी ती बाजूला झाली.

घरी नवरा जागा होता. मुलगी भांडी घासत होती.

"कशी दिसते?" त्याने विचारलं.

"बारीक आहे हो. पोरसवदा."

त्याचे डोळे भरून आले. डाव्या हाताने त्याने ते पुसले. एका हाताने दोन्ही पुसताना त्याला वेळ लागला.

"आणि शिवलंय कसं?" तो म्हणाला. "तुझ्यासारखं?"

ती पदर खोचून त्याच्यासाठी भात कालवायला बसली. पहिला घास केला.

"तिथून टाके दिसत नाहीत," ती म्हणाली, आणि घास त्याच्या तोंडाशी नेला.