दाढीचा कोनाडा

लातुरात आमच्या घरमालकांचा एकच कायदा होता: भिंतीत खिळा ठोकायचा नाही. मी खिळा ठोकलाच नाही. दाढीचं सामान ठेवायला छिन्नीनं अख्खा कोनाडा कोरला. ठोकाठोकी ऐकून मालक तणतणत जिना चढू लागले, तशी बायकोनं देवघरातली महादेवाची पिंड उचलून त्यात ठेवली. मालक पडले पक्के शिवभक्त. ओठावर आलेली शिवी गिळून त्यांनी हात जोडले. मला वाटलं, जिंकलो. पण मग दर सोमवारी पहाटे ते बेल घेऊन आमचं दार बडवू लागले. वर्षभरानं वैतागून मीच घर सोडलं. पिंड त्यांनी नेऊ दिली नाही. आता नव्या भाडेकरूला दरडावतात, "भिंतीला हात लावायचा न्हाई, देव स्वयंभू हाय!"