आमच्या नदीत मगर न्हाई

मला मगर आवडत न्हाई, ह्ये आधीच सांगते. तिचं कुणी चांगलं बोललं तरी माझ्या अंगावर काटा येतो. आन् तरीबी भर ग्रामसभेत उभं राहून, आपल्या नदीत मगर हाय, असं बोलली ती मीच, आन् तवापास्नं निम्मं गाव माझ्याशी बोलत न्हाई.

माझं म्हायेर माणात, सातारा जिल्ह्यात. तिकडं पाणी टँकरनं येतं, हंडा भरला की दिस चांगला गेला. बाप मेंढरं राखतो. नववीत शाळा सुटली आन् लगीन करून मला हिकडं सांगलीकडं दिली, कृष्णेच्या काठाला, बघंल तिकडं ऊस. म्हायेरची माणसं म्हणली पोरीनं नशीब काढलं, पाण्यात पडली. आमचं ह्ये मिलट्रीत, सुट्टीला येत्यात आन् जात्यात. घरात मामंजी, आत्याबाई, मी आन् माझी चालाय लागल्याली पोरगी.

नळाचं पाणी रोज येत न्हाई, येतं त्यात पोरीची कापडं भागत्यात. पण नवरात्र बसायच्या आधी घरातलं सगळं अंथरूण-पांघरूण नदीवर न्हेऊन धुवायचं, एक गोधडी पारुशी ठेवायची न्हाई, न्हाईतर घट बसवता येत न्हाई. त्या दिसांत गावातल्या झाडून साऱ्या बाया घाटावर. मला पाण्याचं भ्या, म्हणून मी पोरीला वरच्या पायरीवर बसवायची आन् जुन्या लुगड्याच्या चिंधीनं कमरंला बांधून दगडाच्या खुंट्याला गाठ मारायची. बाया हसायच्या, "आगं ए माणदेशी, पोरगी हाय का शेरडाचं करडू?"

"करडूच समजा," मी म्हणायची.

गेल्या वर्षी शेजारणीचं तांबडं कुत्रं आमच्या मागं आलं. पोरीच्या हातातली चपाती त्यानं खाल्ली आन् पायऱ्या उतरून आमच्या बाजूलाच लपालपा पाणी प्यायला लागलं. आत्याबाईंनी गोधडीचं एक टोक धरल्यालं, दुसरं म्या, आमी दोघी पीळ घालत व्हतो, आन् पाणी नुसतं हाललं. भुकणं न्हाई, केकाटणं न्हाई. कुत्रं व्हतं आन् कुत्रं न्हाई. गढूळ पाण्यात एक खरबरीत पाठ वळताना दिसली, तेवढीच. म्या गोधडी सोडली आन् वर पळाले, आन् माझीच गाठ मला सुटंना, शेवटी दातानं चिंधी फाडली, पोरगी हसत व्हती, तिला वाटलं आई खेळतीया.

सांच्याला मामंजी कट्ट्यावरनं आलं आन् आत्याबाईंना म्हणालं, "कुत्रं पवत पलीकडं गेलं."

"आवं, माझ्या डोळ्यासमोर..." म्या म्हणलं.

"पवत गेलं म्हणलं न्हवं?"

तवा कळलं की सगळ्या गावाचं ठरलंय. त्या दिसांत फॉरेस्टची माणसं नदीकाठच्या गावागावातनं हिंडत व्हती. मगरी कुठं ऊन खात्यात, कुठं अंडी घालत्यात ह्ये लिव्हून घ्यायचं आन् नदीचा तेवढा पट्टा मगरींसाठी राखीव करा म्हणून सरकारला प्रस्ताव धाडायचा, असं व्हतं. कट्ट्यावर कुणीतरी म्हणलं, राखीव झालं की नदीवरच्या पाणी उपसायच्या मोटारी उचलाय लावत्याल, ऊस जाग्यावर वाळंल. मग ठरलं, कुणीबी इचारलं तर आमच्या नदीत मगर न्हाई. बारक्या पोरांनासुद्धा पाठ करून घेतलं. ज्या शेजारणीचं कुत्रं गेलं तीबी म्हणाय लागली, "आमी कुत्रं कवा पाळलंच न्हवतं."

ती माणसं आली तवा एक म्हातारा त्यांना म्हणाला, "मगर? त्या वरल्या गावाला असत्यात. आमच्याकडं मासंसुद्धा बारकंच."

त्यातली एक म्याडम आमच्या बायांत आली. गुळगुळीत हात, पायात चिखलात घालायचं बूट, तेबी नवं. मला म्हणाली, "ताई, तुम्ही पाहिली का कधी?" म्या आत्याबाईंकडं बघितलं आन् मान हालवली, न्हाई. मग ती म्हणाली, "घाबरू नका हं, आणि नदी हे त्यांचंही घर आहे."

मला असा राग आला. त्यांचं घर, मग आमी काय भाड्यानं ऱ्हातो? जाता जाता ती म्हणाली, जिथं मगर हाय अशी नोंद होईल त्या घाटाला पाण्यात लोखंडी जाळी बसवायचं प्रस्तावात घातलंय, बायकांना जाळीच्या आत धुणं धुता येईल. तुमच्याकडं मगरच नाही म्हणताय, मग तुमचा घाट त्यात नाही.

ती गेली. मगर हाय, पण न्हाई म्हणायची, म्हणून जाळी न्हाई. जाळी न्हाई म्हणून पोरगी चिंधीला बांधायची.

ह्यांना फोन लावला. "आवं, मगरीनं कुत्रं न्हेलं."

"मालूम हाय, वडील बोललं. तू टेन्शन घेऊ नको. नदीवर जायचंच न्हाई."

"मग गोधड्या बॉर्डरवर लावून देऊ काय धुवायला?"

म्या फोन ठेवला.

मग बापाला लावला. त्याला सगळं सांगून रडले. तो म्हणाला, "आपण सांच्याला मेंढराभवती वाघर लावतो का न्हाई?" वाघर म्हंजी सुताची जाळी, मेंढरं आत कोंडायची. "व्हय," म्या म्हणलं. "मग लांडगा न्हाईच म्हणत बसलो असतो तर वाघर कशाला लावली असती? मेंढरं उघड्यावर राहिली असती का न्हाई? त्याला शिव्या घाल, धोंडं मार, पण हाय त्याला हाय म्हण."

दसऱ्यानंतर ग्रामसभा झाली, देवळाच्या मांडवात. म्याडमबी आल्याली. गावाच्या हद्दीत मगर आढळत नाही, सबब राखीव पट्टा नको, असा ठराव सरपंच वाचाय लागलं. मी पोरगी काखंला घेऊन बायांच्या मागं उभी व्हती, आन् कसं झालं मला कळलं न्हाई, तोंडातनं गेलंच, "मगर हाय. कुत्रं पवत न्हाई गेलं."

सगळ्या माना मागं वळल्या. "खाली बस गं! कुणाची सून हाय ही?" कुणाची ते सगळ्यांस्नी ठावं व्हतं. मामंजी आपल्या पायाकडं बघत बसलं.

"दुष्काळातनं आली आन् आमचं पाणी बंद कराय निघाली!"

पोरगी रडाय लागलेली. "मला राखीव-बिखीव कळत न्हाई," म्या म्हणलं, "मोटारी बंद करू नका म्हणून बी लिव्हा. पण मगरीला कायदा देताय तर माझ्या पोरीला जाळी द्या. उद्या पोरगी गेली तर तीबी पवत गेली म्हणशीला का?"

म्याडम म्हणाली, मोटारी बंद होणार नाहीत. कुणी इश्वास ठेवला न्हाई. खरं सांगू, म्याबी ठेवला न्हाई. पण ठराव त्या दिशी झाला न्हाई, आन् आमच्या घाटाची नोंद झाली.

घरी आल्यावर मामंजींनी ताट माझ्या हातनं घेतलं न्हाई. आत्याबाई कामापुरतंबी बोलंनात, पाणी पायजे तर पोरीला सांगायच्या, "तुझ्या आईला म्हणावं तांब्या आण." घाटावर मी गेले की बाया पलीकडच्या पायरीवर सरकायच्या. म्याडमला वाटलं आसंल मी तिच्या बाजूची. मी कुणाच्याच बाजूची न्हाई. मगरीच्या तर न्हाईच न्हाई.

प्रस्ताव वर गेलाय म्हणत्यात. मोटारी हायत तशा चालू हायत. जाळी आली न्हाई.

औंदा नवरात्राच्या आधी म्या बापाकडनं जुनी वाघर मागवली. एसटीनं पोत्यात घालून आली, लेंड्यांचा वास मारत. गुडघाभर पाण्यात बांबू रोवले आन् वाघर ताणून बांधली. मगरीनं मनात आणलं तर ही सुताची जाळी काय टिकायची न्हाई, मला ठावं हाय. बाया लांबनं बघत व्हत्या. "मगर काय मेंढरं खायला येतीया व्हय गं?" एक ओरडली, बाकीच्या खिदळल्या.

पोरीला खुंट्याला बांधलं आन् गोधडी भिजवली. थोड्या वेळानं जिचं कुत्रं गेलं ती शेजारीण आपलं धुणं घेऊन आत आली, मग ती ओरडणारी, मग बाकीच्या. माझ्याशी बोलायचं न्हाई आन् जागाबी सोडायची न्हाई, कोपराला कोपर लागत व्हतं. मला पाय ठेवायला दगड उरला न्हाई.

आत्याबाई सगळ्यात शेवटी उतरल्या. पाण्याकडं बघितलं, मग वाघर हातानं हालवून बघितली.

"ढिल्ली हाय," मला म्हणाल्या. "आवळून बांध."