‘नवं यंत्र’ रत्नागिरीत कोण ऐकतं?

दर रविवारी दुपारी सलिल मुळ्येचं डोकं फिरायचं. कारण ठरलेलं असे, माणसं तेवढी बदलत. कधी शेजारच्या आगरात नारळ पाडायला गडी चढलेला असे, कधी वरच्या बिऱ्हाडात मिक्सर सुरू होई, आणि मुळ्यांच्या घरात मासे शिजत नाहीत हे आख्ख्या आळीला ठाऊक असताना मिरकरवाड्याची एक मासेवाली नेमकी त्यांच्याच पायरीवर टोपली टेकून पलीकडच्या घराशी भावावरून हुज्जत घाली. सलिल आत मधल्या खोलीत खिडकीला गोधडी टांगून, आवाज नको म्हणून पंखा बंद करून, बनियनवर घामाच्या धारा पुशीत मायक्रोफोनसमोर बसलेला. "नमस्कार, ‘नवं यंत्र’मध्ये तुमचं स्वागत," असं तो खर्जातल्या आवाजात म्हणायचा आणि स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी व्हायची. मग पुन्हा पहिल्यापासून.

ही गोष्ट २००६ सालची. पॉडकास्ट हा शब्द तेव्हा रत्नागिरीत एकटा सलिलच उच्चारत असावा. समजावून सांगून त्याची जीभ झिजली होती. रेडिओसारखाच कार्यक्रम असतो, पण तो इंटरनेटवर ठेवायचा, ज्याला पाहिजे त्याने आपल्या कॉम्प्युटरवर उतरवून घ्यायचा आणि सवडीने ऐकायचा. लोक मान डोलवत सगळं ऐकून घेत आणि शेवटी विचारत, "मग रेडिओवर का नाही लागत?" सासऱ्यांनी तर हे तीन वेगवेगळ्या सणांना विचारलं होतं.

तसा तो पोटापाण्याला मारुती मंदिराजवळच्या एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायचा. शिकवायचा म्हणजे काय, सरकारी नोकरीच्या अर्जाला सर्टिफिकेट लागतं म्हणून आलेल्या मुलांकडून टायपिंग करून घ्यायचं आणि क्लास चालवणाऱ्या मॅडमचा प्रिंटर अडला की त्याच्या पोटात हात घालायचा. ज्या कॉम्प्युटरवर त्याचं प्रेम बसलं होतं आणि जो तो शिकवत होता, त्या दोघांची एकमेकांशी ओळखही नसावी. जगात रोज काहीतरी नवं निघतंय आणि आपण इथे शाई भरतोय, हे त्याच्या मनाला लागायचं. ‘नवं यंत्र’ त्यातूनच निघालं. आठवडाभर तो परदेशी साइट वाचायचा, बातम्या मराठीत उतरवायचा आणि रविवारी बोलायचा. वीसेक मिनिटं बातम्या झाल्या की शेवटी थोडं ‘इकडचं तिकडचं’ असे. त्यात आजोबांच्या पेटीच्या भात्याला नवं कातडं कुठे मिळालं, आळीतल्या टेनिस बॉलच्या मॅचला पंच म्हणून उभा राहिल्यावर किती शिव्या पडल्या, परसातल्या फणसाला यंदा किती कोवळ्या कुयऱ्या धरल्या, असलं काहीबाही. ते तो तोंडी लावायला म्हणून बोलायचा.

एवढं करून फाइल इंटरनेटवर चढवायची तर लोडशेडिंग. रेघ ऐंशी टक्क्यांवर आली की दिवे जाणार, आणि पुन्हा आले की रेघ शून्यावर. बायको ऋजुता बँकेत होती. दिवसभर लोकांच्या कटकटी ऐकून आलेलं माणूस, ती शांतपणे मेणबत्ती लावायची आणि म्हणायची, "तू इतकं चिडून कुणाला काय मिळतं?" यावर तो आणखी चिडायचा.

आणि श्रोते होते. नव्हते असं नाही. दीड-दोनशे जण दर आठवड्याला फाइल उतरवून घ्यायचे. पुण्यातले, दुबईतले, अमेरिकेतले. सुरुवातीला तो आकडा बघून सलिलला दिवसभर भूक लागत नसे. मग पत्रं यायला लागली. कॅलिफोर्नियातल्या एका गृहस्थांनी लिहिलं की, तुम्ही देता त्या बातम्या आम्हाला दोन दिवस आधी कळलेल्या असतात, त्यांत वेळ घालवू नका, फणसाचं मात्र सविस्तर सांगा. पाठोपाठ सहा जणांनी तेच लिहिलं. एका बाईंनी मागे ऐकू येणारी ती मासेवाली कोण आणि ती बरी आहे ना, अशी चौकशी केली.

सलिलच्या तळपायाची आग मस्तकात गेली. महिनाभर त्याने फणसाचं नाव काढलं नाही. पण राग ओसरल्यावर त्याला त्या गृहस्थांचं म्हणणं पटलं, आणि ते जास्तच झोंबलं. ज्यांना सगळं आधीच माहीत आहे त्यांना आपण सांगतोय. ज्यांना कुणी सांगत नाही ती माणसं इथे, रत्नागिरीत आहेत, आणि त्यांच्यापर्यंत आपला आवाज जातच नाही. आपण घसा फोडून बोलतोय आणि आपल्याच गावात एक कान नाही. रत्नागिरीत एकाने तरी ‘नवं यंत्र’ मनापासून ऐकावं, हे त्या दिवसापासून त्याच्या डोक्यात बसलं.

त्याने सीड्या काढायचं ठरवलं. कुठल्याही साध्या मशीनवर वाजतील अशा. दिवाळीच्या आधी त्याने वर्षभरातले निवडक भाग सीड्यांवर उतरवले, प्रत्येकीवर मार्करने ‘नवं यंत्र’ लिहिलं आणि फराळाच्या डब्यांबरोबर वाटल्या. नातेवाइकांना दिल्या, क्लासच्या मुलांना दिल्या, वाचनालयात ठेवल्या, दाताच्या डॉक्टरांकडेही दिल्या, कारण तिथे माणसं बसून असतात.

"तू कुणाला विचारलंस का, हवंय का म्हणून?" ऋजुताने विचारलं.

"ऐकल्याशिवाय त्यांना कसं कळणार हवंय की नको ते?"

कळलं ते असं. सासूबाईंनी "यात गाणी नाहीत होय?" असं निरागसपणे विचारलं. क्लासमधल्या एका मुलाने त्यावर सिनेमा घेता येईल का म्हणून पुसून बघितली. ऋजुताच्या बँकेत कॅशियरबाईंनी ती टेबलावर चहाच्या कपाखाली ठेवली, आणि हे ऋजुताने घरी सांगितलं नाही, पण सलिल ड्राफ्ट काढायला गेला तेव्हा त्याला स्वतःच दिसलं. दाताच्या डॉक्टरांनी मात्र लावली होती. पेशंट म्हणाले की आधीच दाढ दुखतेय.

मे अखेरीला श्रीपतीमामांचा निरोप आला की आंबे संपत आले, येऊन दोन पेट्या घेऊन जा. मामांची कलमांची बाग गोळपच्या उंच, कातळी सड्यावर. भाट्याचा पूल ओलांडून सलिल स्कूटरवरून गेला. कुंपणाच्या जांभ्या दगडी गडग्याला वळसा घालून बागेत शिरला आणि थबकला. झाडाझाडावर काहीतरी लखलखत होतं. वाऱ्यावर गिरक्या घेत होतं. त्याने जवळच्या कलमाची फांदी ओढून पाहिली. सुतळीला बांधलेली सीडी, आणि त्यावर त्याच्याच अक्षरात ‘नवं यंत्र’.

मामांना त्याने मोठा गठ्ठा दिला होता. गावात वाटा, म्हणून.

"अरे, तुला सांगायचंच राहिलं," मामा पडवीतल्या झोपाळ्यावरून उठत कौतुकाने म्हणाले. "त्या तुझ्या तबकड्यांचा फार उपयोग झाला हो. वानरांनी गेल्या वर्षी उच्छाद मांडला होता. यंदा चमकताना बघतात आणि बिचकतात. आणखी असल्या तर देऊन ठेव."

"मामा, त्या ऐकायच्या होत्या."

"हो का? मला वाटलं, तुझ्या क्लासातल्या फुकट गेलेल्या असतील."

सलिलने कपाळाला हात लावला. भांडावं तर मामा मनापासून आभार मानत होते. त्याला भयंकर राग आला होता. वर्षभराचे रविवार, तो घाम, ते पुन्हा पुन्हा बोललेले नमस्कार, सगळं झाडांना टांगलेलं, आणि ऐकायला कोण, तर वानरं. पेट्या नकोतच असं ठरवून तो तरातरा स्कूटरकडे निघाला, तेव्हा आंबे पिकत घालायच्या आढीच्या खोपीतून गोदा बाहेर आली.

गोदा मामांच्या बागेत वर्षानुवर्षं कामाला होती. घर वरच्या वाडीत, नवरा मागेच गेलेला, एकुलता मुलगा सागर बोटीवर खलाशी. तिने पदराला हात पुसले आणि त्याच्याकडे निरखून पाहिलं.

"तुमीच ना वो ता सीडीत बोलताव?"

सलिलला वाटलं, मामांनी सांगितलं असेल. "हो. तुम्ही बांधल्यात ना त्या झाडांना?"

"मीच बांधल्या. एक ठेवलीव मी घरात. सागरान मस्कतवरना मशिन आनलानी ना, त्याच्यात लावली. मना वाटला शिनमा असंल. तर तुमी बोलाया लागलाव." ती हसली. "आवाज वळखीचा वाटला. मग रोज लावतंय. भाकऱ्या थापताना लावतंय. एकल्या घरात बरा वाटता."

सलिलचा राग कुठल्या कुठे गेला. त्याने स्कूटर स्टँडवर लावली. त्याला तिला मिठीच मारावीशी वाटली, पण तो नुसता "खरंच?" एवढंच म्हणाला. मग न राहवून त्याने विचारलं, "कळतं का? की फणसाचं तेवढं?"

"फनस माझ्या दारात हाय," गोदा म्हणाली. "त्याचा काय आयकायचा? मी बातम्या आयकतंय. सगळा नाय समजत. पन त्या फोनाचा समजला. मी तुमची वाटच बगत व्हते, इचारायला."

"कुठल्या फोनाचं?"

"तोंड दिसनार बोल्लाव ना. फोनात बोलनाऱ्याचा तोंड दिसनार. फुडल्या पावसाच्या आत आपल्याकडे येनार बोल्लाव. पाऊस तर आता आला. मी रत्नांग्रीत दुकानात इचारला, तर तो पोर हसाया लागला."

सलिलला ती बातमी आठवायला वेळ लागला. कुठल्याशा परदेशी कंपनीची होती. ‘पुढच्या पावसाळ्याच्या आत’ हे त्या बातमीत नव्हतंच. तिथे ‘लवकरच’ लिहिलं होतं, तेही युरोपातल्या गिऱ्हाइकांना. मराठीत वाक्य रंगत नव्हतं म्हणून त्याने पावसाळा घातला होता. त्यावर नंतर विचार करायचं त्याला कारणच पडलं नव्हतं.

"गोदावहिनी, ते... अजून वेळ लागेल त्याला."

"किती?"

"सांगता यायचं नाही. आणि आला तरी बोटीवर चालणार नाही तो."

गोदाने ऐकून घेतलं. तिचा चेहरा पडला नाही, नुसता विचारात गेला. "मग चुकलाच माझा," ती म्हणाली. "सागराचा फोन आला व्हता शिमग्यात. बोलला, आये, गनपतीला रजा काडतंय, दोन वरसा झाली घर बगितला नाय. मी बोलले, कशाला रजेचा पगार बुडवतंस, पावसाच्या आत फोनात तोंड दिसनार हाय. त्याला पटंना. मी बोलले, मुळ्यांचा सलिल बोल्ला हाय, तो काय खोटा बोलंल? मग तो ऱ्हवला."

वाऱ्यावर सीड्या फिरत होत्या आणि त्यांची तिरीप त्याच्या डोळ्यांवर येत होती. त्याला वाटलं, वानरांनी ऐकलं असतं तर बरं झालं असतं.

"त्याचा नंबर आहे?" त्याने विचारलं.

"बोट बंदराला लागली की तोच करता. एजंटाच्या हापिसाचा हाय, मुंबैचा." तिने कमरेच्या पिशवीतून घड्या पडलेला कागद काढून दिला. "पन ते मराठी नीट बोलत नाय. मना काय समजत नाय त्यांचा."

बागेत मोबाइलला रेंज नव्हती. गडग्यापलीकडे कातळ चढून उंचावर उभं राहिलं की एखादी रेघ यायची. सलिल तिथे चढला. गोदा खाली गडग्याशी थांबली, मान वर करून. मामाही कुतूहलाने मागोमाग आले.

फोन लागला. सलिलने हिंदीत सांगितलं, सागरचं नाव सांगितलं, कागदावरचं बोटीचं नाव सांगितलं, रजेचा अर्ज पुन्हा करता येईल का विचारलं. पलीकडचा माणूस कागद चाळत राहिला. मग म्हणाला, अर्ज त्याने स्वतःच मागे घेतला होता, त्याच्या जागी दुसऱ्याची रजा लागली, आता बोट दूरच्या फेरीला निघाली आहे, पुढच्या शिमग्याच्या आधी उतरता यायचं नाही. सलिलने विनवून पाहिलं. घरात एकटी आई आहे म्हणाला. सगळ्यांच्याच आया असतात, असं तो माणूस म्हणाला, वाईट बोलला नाही, आणि त्याने फोन ठेवला.

सलिल फोन कानाला तसाच लावून उभा राहिला. एवढे दिवस तो बातम्या सांगत होता, पण ऐकणारं माणूस असं समोर कधी उभं नव्हतं.

"काय बोलला वो?" गोदाने खालून विचारलं.

या वेळी त्याला एक शब्दही पदरचा घालायचा नव्हता. त्याने फोन खिशात टाकला आणि तो कातळावरून खाली उतरू लागला.